बिल ऑफ एंट्री भरता भरता एमए

खोबरेल तेल खायचं की केसांना लावायचं? आमच्या घरात दोन्ही होतं, त्यामुळे वाद नाही. पण सरकार आणि तेलवाले यांच्यात हा वाद वर्षानुवर्षं चालला आणि १८ डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने तो मिटवला. शुद्ध खोबरेल तेल नुसतं छोट्या बाटलीत भरलं म्हणून केशतेल होत नाही, असा निकाल लागला. टॅरिफमध्ये, म्हणजे करदरांच्या पुस्तकात, ते १५१३ या खोबरेल तेलाच्या हेडिंगखाली घालायचं की ३३०५ या केसांच्या प्रसाधनांच्या, एवढाच प्रश्न होता, पण कराचा फरक डोळे पांढरे करणारा. खटला एक्साइजचा, आम्ही कस्टम्सवाले, तरी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे दुसरा विषय नव्हता.

मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग एजंटाच्या ऑफिसात एकवीस वर्षं आहे. परदेशातून आलेल्या मालाचं बिल ऑफ एंट्री भरायचं, म्हणजे मुख्यतः कुठली वस्तू कुठल्या हेडिंगखाली बसते ते ठरवायचं. जगातला सगळा माल ९७ चॅप्टरांत बसवलेला आहे, त्यातला ७७ वा मुद्दाम रिकामा ठेवलाय. कसं बसवायचं याचे सहा नियम आहेत. एकच वस्तू दोन ठिकाणी बसत असेल तर तिसरा नियम लावायचा. तो म्हणतो, आधी जास्त नेमकं हेडिंग बघा, आणि त्यानेही निभावलं नाही तर वस्तूचं मूळ स्वरूप कशामुळे ठरतं ते बघा. हे वाक्य मी कस्टम्सच्या साहेबांना लिहिलेल्या पत्रांत शेकडो वेळा टाकलंय. बेचाळिसाव्या वर्षी एकदा टाकताना हात थांबला. मूळ स्वरूप म्हणजे काय? ते वस्तूत असतं की बघणाऱ्यात? टॅरिफच्या पुस्तकात याचं उत्तर नाही. शेठना विचारलं तर ते म्हणाले, "बेन, फाइल चार वाजेपर्यंत जायला पाहिजे."

जुलै २०२४ च्या सत्राला मी इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या, तत्त्वज्ञानाच्या एमएला प्रवेश घेतला. मी बीकॉम, तेही मराठी माध्यमातून बारावी केलेली. हल्ली ओळखीतले चार जण विचारतात, हे कसं जमवलंस, आम्हालाही काहीतरी शिकायचंय. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिली गोष्ट म्हणजे, प्रमोशनसाठी करत असाल तर हे करू नका, एमबीए करा. मला यातून एक रुपया पगारवाढ मिळालेली नाही आणि मिळणारही नाही. दुसरी गोष्ट, "कुठला विषय घेऊ?" असं विचारत सुरुवात करू नका. तसं केलंत की माहितीपत्रक चाळत बसाल आणि शेवटी मैत्रिणीने घेतला तोच विषय घ्याल. आपल्या रोजच्या कामात कुठे अडखळायला होतं ते आधी शोधा. माझी एक नणंद नर्स आहे. ऑपरेशनच्या संमतिपत्रावर सही घेताना तिला दर वेळी वाटतं की या बाईला यातलं काय समजलं असेल. तिचा विषय नीतिशास्त्र. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पाण्याच्या भांडणाने वैतागलेत, त्यांना मी समाजशास्त्र सुचवलंय. (ते अजून माझ्यावर रागावलेत.) असा प्रश्न हाताशी असला की तिसऱ्या महिन्यात, जेव्हा अभ्यास नकोसा होतो, तेव्हा परत वळायला जागा राहते.

अमेरिकेत नोकरदार प्रौढांसाठी लिबरल स्टडीजची वेगळी पदव्युत्तर पदवीच असते. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, थोडं विज्ञान, सगळं एका ताटात. वेस्लियन विद्यापीठाने ती १९५३ साली सुरू केली. नोकरी सांभाळून घेता येईल अशी तयार थाळी मला मुंबईत सापडली नाही, आपल्याला डाळ-भात-भाजी वेगवेगळी वाढून घ्यावी लागते. इग्नू १९८५ पासून आहे आणि एमएचे बरेच विषय देते. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं, मराठीतून शिकायचं असेल तर आधी तिथे बघा. मुंबई विद्यापीठाचा दूरशिक्षण विभाग कलिन्याला आहे, आपण सगळे आयडॉल म्हणायचो ते, आता नाव सीडीओई. पदवीच नको असेल तर फोर्टात ज्ञानप्रवाहमध्ये भारतीय सौंदर्यशास्त्राचे अभ्यासक्रम चालतात, माझी एक मैत्रीण तिथे रमलीय.

पैसे भरण्याआधी महिनाभर फुकट चाखून बघा. इग्नूची पाठ्यपुस्तकं ईज्ञानकोश नावाच्या साइटवर कुणालाही वाचायला ठेवलेली असतात, प्रवेश लागत नाही. हे फार थोड्यांना माहीत असतं. मी त्यातलं भारतीय तत्त्वज्ञानाचं एक प्रकरण मोबाइलवर उतरवलं आणि डोंबिवली ते सीएसएमटी चार दिवस वाचलं. दोन दिवस काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी वैशेषिक या जुन्या भारतीय दर्शनाची पदार्थांची, म्हणजे जगातल्या गोष्टींच्या वर्गांची, यादी आली: द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि मागाहून जोडलेला अभाव, म्हणजे नसणं. मी घाटकोपर ते कुर्ला हसत होते. अहो, हे आमचंच काम! जगात जे जे आहे ते सात हेडिंगांत बसवायचं. आमच्याकडे ९७ लागतात आणि तरी भांडणं होतात. 'स्वयम' या सरकारी साइटवरही फुकट व्याख्यानं आहेत, पण मला व्हिडिओ बघताना झोप येते, म्हणून मी पुस्तकवाली. तुमचं उलटं असेल.

आता कागदपत्रं. बायकांनी हा भाग दोनदा वाचा. दूरशिक्षणाच्या प्रवेशासाठी आता डीईबी आयडी, म्हणजे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोचा नंबर, काढावा लागतो, त्याआधी एबीसी म्हणजे अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं, आणि ते आधारशी जोडलेलं. माझ्या पदवीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, वडिलांच्या नावासकट. आधारवर सासरचं. बँकेत तिसरंच, कारण तिथल्या क्लार्कने मधलं नाव गाळलं होतं. कॉम्प्युटरच्या हिशेबी आम्ही तीन बायका. प्रवेशाची मुदत संपायला नऊ दिवस राहिले असताना हे लक्षात आलं आणि ते नऊ दिवस मी काय काढले ते मलाच ठाऊक. विवाह नोंदणीचा दाखला होता म्हणून वाचले. तुमच्याकडे तो नसेल किंवा नाव फारच वेगळं असेल तर राजपत्रात नावबदल छापून घ्या, पण त्याला वेळ लागतो, तेव्हा प्रवेश सुरू व्हायच्या दोन-तीन महिने आधी हे उरका. मूळ पदवी प्रमाणपत्र माळ्यावरच्या बॅगेत असेल तर तेही आत्ताच उतरवा. माझं उंदराने एका कोपऱ्याला चाखलं होतं, सुदैवाने सही शाबूत. आणि कुठलीही दूरशिक्षणाची जाहिरात बघून पैसे भरण्याआधी तो अभ्यासक्रम यूजीसीच्या डीईबीच्या यादीत आहे का ते तपासा.

वेळेचा हिशेब मी वाण्यासारखा केला. इग्नू एका क्रेडिटमागे तीस तास अभ्यास धरते. ८० क्रेडिटचं एमए म्हणजे २,४०० तास. माझ्याकडे काय आहे? सकाळची डोंबिवली फास्ट, त्यात पुस्तक उघडायला हात वर येत नाही. संध्याकाळी सीएसएमटीहून गाडी सुटते तिथूनच चढते म्हणून सीट मिळते, साधारण पन्नास मिनिटं वाचन होतं. महिन्याचे बावीस दिवस धरले तर अठरा तास. रविवारी चार तास, म्हणजे महिन्याला सोळा. एकूण चौतीस. या दराने २,४०० तास व्हायला जवळजवळ सहा वर्षं लागतात, आणि पदवी पुरी करायची मुदत चार वर्षांची. तेव्हा सरळ मान्य केलं की चार क्रेडिटच्या पेपरला १२० तास आपल्याने होणार नाहीत, ऐंशी होतील. वर्षाला पाच पेपर. दोन वर्षांत एमए करीन अशी घोषणा मी घरात करून बसले होते, ती पहिल्याच दिवाळीत मागे घेतली. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात, आणि कुठल्या वेळी किती पेपर द्यायचे ते परीक्षेच्या फॉर्ममध्ये आपण ठरवू शकतो. हा फॉर्म प्रवेशापेक्षा वेगळा भरावा लागतो आणि उशीर झाला की लेट फी. कॅलेंडरवर, फ्रिजवर, जिथे नजर जाते तिथे तारीख लिहा.

सकाळचा उभ्याचा तास अगदीच वाया नको म्हणून मोबाइलला पीडीएफ वाचून दाखवायला लावते. तो आवाज संस्कृत शब्दांची जी वाट लावतो ती ऐकण्यासारखी आहे. "समवाय"चं त्याने इतके महिने काय केलं ते लिहिता येत नाही.

लेडीज डब्यात वाचायचं म्हणजे एकट्याने वाचायचं नाही, हे मी लवकर शिकले. माझ्या समोरच्या सीटवर रोज एक मावशी बसतात, मस्जिद बंदरला कुठल्याशा गोदामात कामाला आहेत. घरी जाईपर्यंत मटार सोलून होतात त्यांचे. एकदा मी अभावाच्या प्रकरणावर अडले होते. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, म्हणतात, जमिनीवर घडा नाही हे आपल्याला चक्क दिसतं. कुमारिल भट्टाला मानणारे भाट्ट मीमांसक म्हणतात, छे, नसलेलं कसं दिसेल, ते कळायला अनुपलब्धी नावाचं वेगळं प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं साधन, लागतं. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत असणार. मावशींनी विचारलं, "काय गं, काय नाही?" मी सांगितलं, मावशी, खिडकीची सीट रिकामी नाही हे आपल्याला दिसतं का कळतं? त्यांनी मटाराची शेंग मोडली, दाणे डब्यात टाकले आणि म्हणाल्या, "ज्या दिवशी शोधत असते त्या दिवशी दिसतं. नाहीतर बघतंय कोण?" मी ते तिथेच समासात लिहून ठेवलं. पुढे वाचलं तर खरंच तसं होतं: घडा असता तर दिसला असता, ही अपेक्षा मनात असल्याशिवाय घड्याचं नसणं कळत नाही. तो पेपर मला बरा गेला.

भाषेबद्दल. माझ्या विषयाची पुस्तकं इंग्रजी आणि हिंदीत. मी इंग्रजीत वाचते आणि मराठीत समजून घेते. त्यासाठी दोन आधार आहेत. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले संपादक असल्यामुळे तत्त्वज्ञानाच्या नोंदी भरभक्कम आहेत. दुसरा दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश, तीन खंड, ग्रंथालयातच बघावा लागेल. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचं आहे, सेंट्रल लायनीवाल्यांना सोयीचं. माझ्या ऑफिसपासून टाऊन हॉल दहा मिनिटांवर, तिथे एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय. जेवणाचा डबा पंधरा मिनिटांत संपवून मी त्या तीस पायऱ्या चढते, उरलेली अर्धी सुट्टी वर काढते आणि धापा टाकत परत येते. पंखे मोठे, शांतता जुनी. आमच्या ऑफिसातल्या पोरांनी एकवीस वर्षांत त्या पायऱ्यांवर फोटो काढलेत, वर कुणी गेलेलं नाही.

वय झालं म्हणून घाबरू नका. अन्नंभट्टाने तर्कसंग्रह हे न्यायशास्त्राचं, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राचं, पुस्तक लिहिलं ते बालांना सोपं जावं म्हणून, असं तो सुरुवातीलाच सांगतो. परंपरेने या "बाल"ची व्याख्या केलीय: व्याकरण, काव्य, कोश शिकलेला पण न्यायशास्त्र न शिकलेला. वयाचा उल्लेखच नाही. हे मी मुलीला वाचून दाखवलं. ती दहावीत. तिने विचारलं, "मग आज डबा मी भरू का तुझा, बाळा?"

स्वाध्याय, म्हणजे असाइनमेंट, हलक्यात घेऊ नका. त्यांना तीस टक्के वजन आहे, सत्तर परीक्षेला. आणि हाताने लिहायचे. वीस वर्षं मी फक्त सह्या केल्या होत्या. पहिल्या रविवारी दोन पानं लिहून अंगठ्याच्या खाली इतकं दुखलं की सासूबाईंनी तिळाचं तेल गरम करून दिलं. "अक्षर तुझं चांगलं होतं गं लग्नात, रुखवताच्या पाट्या तूच लिहिल्या होत्यास," एवढंच म्हणाल्या. पहिल्या दिवशी मात्र त्यांनी विचारलं होतं की आता कशाला, आणि कुणासाठी. मला उत्तर देता आलं नव्हतं. आता दर रविवारी दुपारी दोन ते चार पलीकडच्या खोलीत टीव्ही बंद असतो. ते कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मला माहीत नाही.

माझी सगळ्यात मोठी चूक इथलीच. मी एका पेपरचे स्वाध्याय झकास लिहिले, लाल-निळ्या शाईत, समास आखून, आणि जमा करायला निघताना कळलं की प्रश्न मागच्या वर्षीचे आहेत. कुणीतरी ग्रुपवर टाकलेली पीडीएफ मी वरचं वर्ष न बघता उतरवली होती. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या इनव्हॉइसवरच्या तारखा तपासल्या तिने! चाळीस पानं रद्दीत. तेव्हा प्रश्नपत्रिका विद्यापीठाच्या साइटवरूनच घ्या, आणि आपलं सत्र व वर्ष वरच्या ओळीत वाचून मगच पेनाला हात लावा. जमा केल्याची पोच जपून ठेवा, फोटोही काढा. तयार स्वाध्याय विकणारे तुम्हाला पहिल्या आठवड्यात शोधत येतील. ते विकत घ्यायचे असतील तर मग टीव्ही चालू राहू दे ना, काय वाईट आहे?

ऑफिसात सांगावं का? मी सहा महिने लपवलं, मग रजेच्या अर्जात "परीक्षा" लिहावंच लागलं. शेठनी अर्ज उलटसुलट केला. "मुलीची?" "नाही, माझी." बराच वेळ गेला. मग रजा मंजूर केली आणि विचारलं, फिलॉसॉफीत मोक्षाचा फॉर्म्युला देतात का. तुमचा मालक कसा आहे ते तुम्हाला ठाऊक, पण रजा लवकर मागा आणि कामाचा हंगाम ओळखा. आमच्याकडे फेब्रुवारीत बजेट आलं की ड्युटीचे दर बदलतात, मार्चमध्ये तर श्वास घ्यायला फुरसत नसते. ते दोन महिने मी पुस्तक बॅगेत ठेवते पण त्याची खोटी आशा धरत नाही. एकदा खाडा पडला की आपण मुळातच हे करायला नको होतं असं वाटायला लागतं. वाटू द्यावं. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी गाडीत बसलं की पान सापडतं.

रविवारवरून आठवलं. हा रविवारही आयता मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं आणि १८९० मध्ये त्यांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. माझे आजोबा परळच्या गिरणीत साचेवाले होते, त्यांना ते ठाऊक होतं, मला चव्वेचाळिसाव्या वर्षी इतिहास घेतलेल्या एका सहाध्यायिनीकडून कळलं. आम्ही तिघी दर दुसऱ्या रविवारी डोंबिवलीला एकीच्या घरी भेटतो. एक इतिहासवाली, एक समाजशास्त्राची, मी. प्रत्येकीने आपल्या विषयातली दोन पानं बाकीच्या दोघींना समजतील अशी सांगायची, पोहे खाऊन होईपर्यंत. अमेरिकेतली ती एका ताटातली थाळी आम्हाला अशी मिळाली. असं कुणी शोधा, दोन माणसं पुरतात. चार झाली की भिशी होते.

परीक्षेच्या आधी तीन रविवार घड्याळ लावून तीन-तीन तास लिहायचा सराव करा. येत नसल्यापेक्षा हात चालत नाही म्हणून जास्त पेपर राहतात. हॉल तिकीट छापून दोन प्रती ठेवा, ओळखपत्रावरचं आणि त्यावरचं नाव एकच आहे ना ते बघा (पुन्हा तेच!). केंद्र लांबचं आलं असेल तर आदल्या रविवारी एकदा जाऊन या. मेगाब्लॉक परीक्षा बघून लागत नाही. आणि हातावर बांधायचं साधं घड्याळ न्या, मोबाइल बाहेर ठेवावा लागतो. मी पहिल्या पेपरला भिंतीवरच्या घड्याळाच्या भरवशावर गेले होते. ते पावणेअकराला बंद पडलेलं होतं.